लस देऊनही दरवर्षी शिवरात्रीनंतर कोंबड्या माना टाकतात? आधी हे तपासून बघा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात परड्यात कोंबड्या पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली. थंडीभर कोंबड्या ठणठणीत असतात, संक्रांतीच्या आसपास रवणीला (अंडी उबवायला) बसवलेल्यांची पिलं निघतात, अंगण भरून जातं, आणि शिवरात्र ते होळी ह्या दिवसांत कधीतरी मानमोडी येऊन एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मग बायका म्हणतात, "लस टोचली होती की अक्का, तरी गेल्या सगळ्या." आणि पुढच्या वर्षी लसच टोचत नाहीत, कशाला पैसे घालवायचे म्हणून. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा लस खोटी नसते. एकतर ती कोंबडीपर्यंत पोचेस्तोवर मेलेली असते, नाहीतर रोग लशीच्या आधी येऊन बसलेला असतो, आणि तो बाजारातनं बुट्टीत घालून आपणच घरी आणलेला असतो. दोन्ही गोष्टी सुधारता येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय, जरा लांब होईल पण वाचा.

आधी ही मानमोडीच आहे का ते बघा, कारण मान टाकली की सगळे मानमोडीच म्हणतात. खरी मानमोडी, म्हणजे डॉक्टर ज्याला राणीखेत म्हणतात ती, अशी येते: पहिल्या दिवशी एकदोन कोंबड्या कोपऱ्यात पंख पाडून, डोळे मिटून उभ्या राहतात, दाणा टाकला तरी पुढं येत नाहीत. चोच उघडून श्वास घेतात, घशातनं घरघर येते, चोचेतनं चिकट दोरी लोंबते. विष्ठा पाण्यासारखी पातळ आणि हिरवीगार होते, शेपटीखालची पिसं त्यानं चिकटून बसतात. अंडी देणाऱ्या असतील तर अंडी एकदम कमी होतात, जी येतात त्यांची साल मऊ नाहीतर वेडीवाकडी असते, कित्येकदा हे सगळ्यात आधी दिसतं आणि आपण चुना कमी पडला समजून सोडून देतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ज्या जगल्यात त्यांची मान फिरायला लागते. कोंबडी कणी टिपायला खाली वाकते आणि चोच दाण्यावर न पडता बाजूला पडते, परत वाकते, परत बाजूला, मग मान उलटी पाठीवर जाते आणि ती मागं मागं सरकत गोल फिरते. काहींचा एक पाय नाहीतर पंख लुळा पडतो. लस नसलेल्या कोंबड्यांत ही आली तर शंभरातल्या नव्वद-शंभरही जाऊ शकतात, आणि रोग अंगात शिरल्यापासनं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी दोन, कधी पंधरासुद्धा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं बाजाराचं सांगताना लागणार आहे.

आता हिच्यासारखं दिसणारं पण वेगळं असणारं. तोंड सुजलंय, एक डोळा फुगून बंद झालाय, नाकातनं घाण वासाचा शेंबूड येतोय पण मरत फार नाहीत, तर ती सर्दी, तिला औषध आहे. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवण, तिलाही औषध आहे आणि लवकर दिलं तर पिलं वाचतात. तुऱ्यावर, डोळ्याभोवती काळ्या खपल्या असतील तर देवी. एखाददुसरं पिलूच फक्त मान वर करून आभाळाकडं बघत बसलंय आणि बाकीची मजेत आहेत, तर बऱ्याचदा जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं, बी-वन दिल्यावर दोनचार दिवसांत सुधारतंय. एक पाय पुढं आणि एक मागं टाकून पडलेली तलंग (तरणी कोंबडी) असेल तर मरेक्स ह्या दुसऱ्या रोगाचा संशय घ्यावा. हिरवी हगवण आणि पटापट मरणं हे कोंबड्यांच्या कॉलऱ्यातही दिसतं, त्यामुळं नुसत्या विष्ठेच्या रंगावर जाऊ नका. पहिली मेलेली कोंबडी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पशुदवाखान्यात न्या, डॉक्टर पोट उघडून बघतील, जठरात रक्ताचे ठिपके दिसले की त्यांना लगेच अंदाज येतो. दवाखान्यात कन्नडमध्ये ह्याला कोक्करे रोग म्हणतात, तिथं मानमोडी म्हटलेलं नवीन डॉक्टरांना कळलं नाही तर तसं सांगा.

एक मात्र वेगळं काढून सांगते. काही लक्षण न दाखवता रात्रीत एकदम बऱ्याच मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, पायावर रक्ताचे डाग दिसले, किंवा आसपास कावळे, बदकं मरून पडलेली दिसली, तर हात लावू नका, पिशवीत घालून कुठं नेऊही नका, डॉक्टरांनाच बोलवा. ते बर्ड फ्लूही असू शकतं, आणि वरवर बघून दोन्हीतला फरक कुणालाच सांगता येत नाही. आपल्या देशातला पहिला बर्ड फ्लू महाराष्ट्रात नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीतच सापडला होता, म्हणजे हेच दिवस. जनावरांच्या दवाखान्याची गाडी बोलवायला १९६२ हा नंबर आहे, तो लावा, लाजायचं कारण नाही.

आता समजा मानमोडीच आहे आणि घरात शिरलीय. आज काय करायचं?

पहिलं म्हणजे हिला औषध नाही हे मनाशी पक्कं करा, विषाणूचा रोग आहे. लसूण, हळद, कांद्याचा रस, दारूचे थेंब, डाग देणं, सगळं लोक करतात. हळद-लसूण दिली तर बिघडत काही नाही, डाग मात्र देऊ नका हो, मरणाऱ्या जीवाला आणखी कशाला भाजायचं. मेडिकलमधनं अँटिबायोटिकची पिवळी पावडर आणून पाण्यात टाकतात त्यानं मानमोडी जात नाही, नंतर होणारा दुसरा जंतूसंसर्ग थोडा आवरतो एवढंच, ते पण डॉक्टरांना विचारून, कारण औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस त्या कोंबडीची अंडी खाता येत नाहीत.

आजारी वेगळ्या करा, आणि वेगळ्या म्हणजे त्याच परड्यात डालग्याखाली नाही, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब, त्यांचं पाण्याचं भांडंही वेगळं. रोजचं काम आधी चांगल्या कोंबड्यांचं, मग आजारी कोंबड्यांचं, उलटं नाही. आजारी बघून आलात की साबणानं हात धुवा, चपला साबणाच्या पाण्यात बुडवा. हा विषाणू साबणाला आणि कडक उन्हाला टिकत नाही पण सावलीतल्या ओल्या विष्ठेत आठवडेच्या आठवडे जगतो, म्हणून खुराड्याची जमीन खरवडून ऊन दाखवणं हे निम्मं काम आहे. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात, उसाच्या फडात, रस्त्याकडेला टाकू नका, कुत्रं आणि कावळे ओढून गावभर करतात. खोल खड्डा, वर चुना, वर माती, वर दगड.

आणि आता जे लिहितेय त्यानं कुणाला राग आला तर येऊ दे. एक कोंबडी मेली की दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोत्यात घालून बाजारात नेऊन विकायच्या, "मरायच्या आधी चार पैसे तरी सुटतील" म्हणून, हे बंद व्हायला पाहिजे. गरिबाचं नुकसान मला कळतं, आमच्याकडं मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे अंड्यांतनंच निघतात. पण ती कोंबडी घेणारीही आपल्यासारखीच कुणीतरी विधवा बाई असते, तिनं दोन तलंगा आणल्या आणि तिच्या घरच्या पंधरा गेल्या तर ते आपल्या चार पैशांपायी गेलं. आजारी कोंबडी घरात कापून शेजारीपाजारी वाटे घालणंही तसंच. शिजलेल्या मटणातनं रोग येत नाही, पण कापताना पडलेलं रक्त, आतडी, पिसं आणि ते धुतलेलं पाणी ह्यातनं पूर्ण गल्लीत पसरतो.

गल्लीतल्या ज्या घरी अजून काही नाही त्यांना त्याच दिवशी सांगा. लपवू नका. त्यांच्या चांगल्या कोंबड्यांना लासोटाचे, म्हणजे मानमोडीच्या सौम्य लशीचे, थेंब त्याच आठवड्यात पडले तर गल्ली वाचू शकते. फक्त थेंब घालणारा माणूस चांगल्या घरीच जावा, ज्या घरी रोग आहे तिथं त्या दिवशी जाऊच नये, आणि तिथं सुई तर अजिबात फिरवू नये, एका सुईनं आजारीची चांगलीला लागते.

आता मुख्य प्रश्न, लस देऊनही का आली.

मी आमच्या संघातल्या बायकांबरोबर गल्लोगल्ली थेंब घालत फिरते, त्यामुळं बाटली दुकानातनं निघून कोंबडीच्या डोळ्यात पडेपर्यंत तिचं काय काय होतं ते जवळनं बघितलंय. ही जिवंत लस आहे. म्हणजे बाटलीतला विषाणू जिवंत असेल तरच काम होतं, मेला तर तुम्ही कोंबडीच्या डोळ्यात नुसतं पाणी घातलंत. तिला २ ते ८ अंश थंडी लागते, दुकानापासनं घरापर्यंत सलग. आपल्याकडं काय होतं, नवरा बेळगावला किंवा खानापूरला कामाला गेला की सकाळी दहाला लस घेतो, गाडीच्या डिकीत टाकतो, बाकीची कामं करतो, कुणाकडं तरी चहा होतो, दुपारी तीनला घरी येतो. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतं म्हणून आपल्याला वाटतं अजून थंडी आहे, पण दुपारी ३२-३३ असतंय, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत हात घालून बघा किती भाजतंय. ती लस तिथंच संपली. लस सगळ्यात शेवटी घ्यायची, थर्मासमध्ये बर्फ घालून, बाटली छोट्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून, आणि सरळ घरी. दुकानदारालाही बघा, फ्रिजमधनं काढून देतोय की काउंटरवरच्या डब्यातनं. तारीख वाचा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर दारात नको, आतल्या कप्प्यात, आणि दिवसभर लाईट जाऊन येऊन करत असेल तर ठेवूच नका, आणली त्या दिवशीच वापरा.

बाटली अजून चांगली आहे का ते थोडंफार कळायला एक खूण आहे. लशीची पावडर असलेल्या बाटलीत हवा काढलेली असते. सिरिंजमध्ये सोबतचं पाणी भरून सुई रबरी बुचातनं आत घातली की दांडा न दाबताच पाणी आपोआप आत ओढलं जातं, सुर्रकन. ओढलं गेलं नाही, आपल्याला दाबावं लागलं, तर बाटलीत हवा शिरलेली आहे, ती टाकून द्या. ओढलं गेलं म्हणजे लस नक्की जिवंतच असं नाही, उन्हात तापलेली बाटलीही ओढून घेते, पण निदान फुटकी बाटली तरी कळते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि सगळे करतात: सुई आणि सिरिंज स्पिरिटनं नाहीतर डेटॉलनं पुसायची. माणसाच्या इंजेक्शनचं बघून करतात बिचारे. स्पिरिट जंतू मारतं तसं लशीलाही मारतं. सुई-सिरिंज साध्या पाण्यात उकळायची आणि गार होऊ द्यायची, बस्स.

पाण्यातनं लस देणाऱ्यांचं आणखी एक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ग्रामपंचायतीनं टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेली विहीर असली तरी तेच. त्यात लस घातली की काम संपलं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवून अर्धा तास ठेवा, मग लस. भांडं प्लॅस्टिकचं, साबणाचा अंश नसलेलं, पत्र्याचं नको. कोंबड्यांना आधी तासदोन तास पाणी बंद, म्हणजे तहानलेल्या येऊन पटकन पितात, आणि लस मिसळल्यापासनं दोन तासांच्या आत संपायला हवं. पण खरं सांगू का, आपल्यासारख्या दहावीस मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना पाण्यातनं लस देणं म्हणजे अर्ध्यांना मिळते आणि अर्ध्या गटारातलं पाणी पिऊन आलेल्या असतात. थेंबच बरे. पहाटे खुराडं उघडायच्या आधी एकेक हातात घ्यायची, मान आडवी धरायची, डोळ्यात एक थेंब. थेंब पडला की लगेच सोडू नका. थेंब डोळ्यावर मण्यासारखा थरथरत बसतो, कोंबडी एकदा पापणी मिटते, उघडते, आणि तो आत जिरतो, मग ती घोट घेतल्यासारखी चोच हलवते. तेव्हा सोडायची. घाईत सोडलेली कोंबडी मान झटकते आणि लस आपल्या साडीवर पडते. सोबतचं पाणी निळ्या रंगाचं असेल तर काम सोपं, चोच उघडून बघितली की जीभ निळी दिसते.

मग वयाचं. लोकांचा गोंधळ इथं सगळ्यात जास्त होतो. लासोटा ही सौम्य लस, पाच ते सात दिवसांच्या पिलाला चालते, चौथ्या आठवड्यात परत द्यायची. आर-टू-बी ही तिखट लस, सुईनं पंखाखाली कातडीत अर्धा मिली, ती आठ आठवड्यांनंतरच. ही आपल्याच देशात कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या पशुसंशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेली आहे, चांगली ताकदीची आहे, पण लहान पिलांना टोचली तर तीच लस पिलं लुळी पाडते. "लस टोचली आणि पिलं मेली" ह्या बऱ्याच तक्रारींच्या मागं हेच असतं, तीन आठवड्यांच्या पिलांना मोठ्यांची सुई दिलेली असते. आणि आधी लासोटा झालेली असली की आर-टू-बी चांगलं सोसतं. अंड्यावर असलेल्या कोंबडीला आर-टू-बी दिलं तर काही दिवस अंडी कमी होतात, म्हणून तलंग अंड्यावर यायच्या आधी उरकून घ्या.

एकदा दिली की जन्मभर पुरते असंही नाही. लासोटाचा जोर दोन-तीन महिन्यांत ओसरतो. दिवाळीत थेंब घातले असतील तर शिवरात्रीला त्या कोंबडीवर भरवसा ठेवता येत नाही. पिलांचं तर आणखी नाजूक असतं. लस झालेल्या आईकडनं अंड्यातनं पिलाला थोडं संरक्षण येतं, ते दोन-तीन आठवड्यांत संपतं. संक्रांतीला रवणीला बसवलेल्या कोंबडीची पिलं २१ दिवसांनी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघतात. म्हणजे आईकडचं संपायला आणि शिवरात्र यायला एकच गाठ पडते. अंगण पिलांनी भरलेलं आणि एकाच्याही अंगात काही नाही, अशा वेळी रोग आला तर थांबणार कुठं?

जंतानं खंगलेल्या, उवा-पिसवांनी पोखरलेल्या कोंबडीला लस लागत नाही हेही खरं आहे. थेंबाच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या, डोस डॉक्टरांकडनं वजनाप्रमाणं घ्या. आणि आजारी, सर्दी झालेलीला त्या दिवशी लस देऊ नका, बरी झाल्यावर द्या.

आता बाटलीचा प्रश्न, जो माझ्या मते सगळ्याचं मूळ आहे. लस १०० नाहीतर २०० डोसची येते, आणि आपल्या घरी कोंबड्या बारा. बाटली एकदा फोडून पाणी घातलं की दीडदोन तासांत संपवायची, उद्याला ठेवता येत नाही. मग बाई म्हणते बारा कोंबड्यांसाठी शंभराची बाटली कुठं आणू, आणि आणतच नाही. किंवा आणते, बारा जणींना देते, उरलेली फ्रिजमध्ये ठेवते आणि पुढच्या महिन्यात निघालेल्या पिलांना तीच घालते, जिच्यात आता काहीही उरलेलं नसतं. ह्याला उपाय एकच आहे, गल्ली करायची. आठ-दहा घरांनी मिळून दिवस ठरवायचा, बाटलीचे पैसे कोंबडीमागं वाटून घ्यायचे, आदल्या रात्री सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवायच्या, एकजण थर्मास धरणार, एकजण थेंब घालणार, एकजण वहीत लिहिणार, पहाटे साडेपाचला सुरू केलं तर ऊन वर यायच्या आत शंभर कोंबड्या होतात. दर दोन महिन्यांनी असा एक दिवस ठेवला की मधल्या काळात निघालेली पिलंही आपोआप त्यात येतात, कुणाचं वय किती हे डोक्यात ठेवावं लागत नाही. स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) बैठकीत हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात. पशुदवाखान्यात आधी सांगून ठेवलं तर लस तिथनंही मिळते, कर्नाटक सरकारची लस बेंगळूरच्या हेब्बाळच्या संस्थेत तयार होते, फक्त आयत्या वेळी जाऊन मागू नका, संख्या आधी कळवा.

आणि शेवटी बाजार. लस सगळी नीट झाली तरी इथं घोळ होतो.

आपल्याकडं हे दिवस जत्रांचे. माघात सौंदत्तीच्या यल्लम्माची भारत पुनव, गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा, उचगावला मळेकरणीला जाणारे, मग शिमगा, धुळवड. पाहुणे येतात, कोंबडा लागतो, देवाला बोललेला असतो. मग आठवडी बाजारातनं, पलीकडं चंदगड-गडहिंग्लजच्या बाजारातनंही, दोनचार कोंबड्या आणल्या जातात आणि जत्रेपर्यंत आपल्याच कोंबड्यांत सोडल्या जातात. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका बुट्टीत पाय बांधून पडलेल्या असतात. त्यातली एक आत रोग घेऊन आलेली असली तरी अजून पाच-सहा दिवस ती चांगलीच दिसणार, वर सांगितलं ते इथं लागू होतं. जत्रेला ती कापली जाते, सगळे जेवून जातात, आणि पाहुणे गेल्यावर आपल्या घरच्या माना टाकायला लागतात. कुणाला दोन्हीचा संबंध लागतच नाही, कारण जिनं रोग आणला ती तर कधीच पातेल्यात गेलेली असते.

म्हणून नवीन कोंबडी, मग ती बाजारातनं येवो, माहेरनं येवो, नाहीतर गाडीवरनं पिलं विकत फिरणाऱ्याकडनं, २१ दिवस वेगळी. जत्रेसाठी आणलेला कोंबडा असेल तर तो डालग्याखाली, घराच्या पुढच्या बाजूला, आणि आपल्या कोंबड्या मागच्या परड्यात. कापायचा तोही पुढंच, आणि पिसं-आतडी खड्ड्यात. शक्य असेल तर कापायच्या दिवशीच आणावा, हे सगळ्यात सोपं. दारावर कोंबड्या विकत घ्यायला येणारे असतात त्यांची बुट्टी परड्यात आणू देऊ नका, ते सकाळपासनं पंधरा घरं फिरून आलेले असतात. कोंबडी आपण धरून रस्त्यावर नेऊन द्यायची. कुणी "ही घ्या, ती द्या" असं बदलून मागितलं तर नाही म्हणा. गाडीवरची गिरिराज नाहीतर रंगीत पिलं घेतलीत तर आधी विचारा कुठली लस झालीय, हॅचरीत बऱ्याचदा मरेक्सची झालेली असते, मानमोडीची झालीच असेल असं धरून चालू नका. कबुतरं पाळणाऱ्यांनीही जपा, मानमोडी कबुतरांनाही होते.

तर पुढच्या वर्षासाठी वहीत असं लिहून ठेवा. डिसेंबरच्या शेवटी जंताचं औषध. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोठ्यांना लस, कारण लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात, जत्रेच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही. संक्रांतीची पिलं निघाली की आठवड्याच्या आत थेंब, होळीच्या आधी परत थेंब, आणि गुढीपाडव्याच्या पुढंमागं, आठ आठवडे पुरे झाले की, त्यांना आर-टू-बी. पिलांच्या गंबोरो रोगाच्या आणि देवीच्या लशीचंही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून वहीत टाका, तो वेगळा विषय आहे.

ज्यांच्याकडं ह्या वर्षी खुराडं रिकामं झालंय त्यांनी लगेच नवीन आणू नका. जुना भुसा, विष्ठा सगळं काढून पुरा, जमीन चारपाच बोटं खरवडा, भिंतींना आणि बसायच्या काठ्यांना चुन्याची सफेदी मारा, भांडी साबणानं घासून उन्हात टाका, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळून टाका. मग महिनाभर तरी रिकामं ठेवा. मार्च-एप्रिलचं ऊन ह्या कामाला चांगलं असतं.

आणि ज्या एकदोन वाकड्या मानेच्या वाचल्यात त्यांचं काय, हे बऱ्याच जणी विचारतात. त्यातल्या काही जगतात, हातानं भात-कणी भरवली आणि पाणी उथळ ताटलीत दिलं तर खातात, पण मान बऱ्याचदा तशीच राहते. त्यांच्या विष्ठेतनं काही आठवडे विषाणू बाहेर पडू शकतो, त्यामुळं नवीन कोंबड्या आणायच्या असतील तर आधी ह्यांचं काहीतरी ठरवा. ठेवणार असाल तर दोन महिने कुठलीही नवीन कोंबडी त्या परड्यात नको, आणि त्यांची अंडी रवणीला घालू नका, घरात उकडून खा.